आजोबांचं काम शिकागोत शिकू का?

प्रिय ताई,

मी २९ वर्षांचा. गाव साताऱ्याकडचं, वाढलो कल्याणला, गेली चार वर्षं शिकागोत नोकरी करतो. मी गे आहे. आईला सांगितलंय, बाबांना ठाऊक आहे, पण आमच्यात तो विषय निघत नाही. आम्ही चर्मकार. आजोबा दादर स्टेशनवर तीसेक वर्षं बूटपॉलिश करायचे. शाळा सुटली की बाबा त्यांच्या शेजारी बसून ब्रश मारायचे. मग रात्रशाळा, बँकेत शिपाई, परीक्षा देऊन क्लार्क. आजोबांच्या पेटीला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. मी नऊ वर्षांचा असताना आजोबा गेले.

गेल्या हिवाळ्यात इथल्या एका लेदर बारमध्ये, म्हणजे कातड्याचे कपडे आणि बूट घालणाऱ्या गे पुरुषांच्या बारमध्ये, गेलो होतो. कोपऱ्यात उंच खुर्ची, आणि तिच्यापुढे एक पन्नाशीचा माणूस दुसऱ्याच्या पायातल्या बुटांना पॉलिश करत होता. इतकं मन लावून, की मी तासभर तिथेच उभा राहिलो. खुर्चीतला माणूस त्याच्याशी फार अदबीने बोलत होता. नंतर ओळख झाली. त्याने माझ्या हातात ब्रश दिला, दोन हात मारून बघ म्हणाला, आणि मग म्हणाला, तुझं मनगट आधीच शिकलेलं आहे. तो मला शिकवायला तयार आहे.

एका मराठी मित्राला हे सांगितलं. तो दोन्ही अर्थांनी आपल्यातला, जातीनेही आणि गे म्हणूनही. तो भडकला. ‘ज्या घाणीतून बाहेर पडायला तीन पिढ्या गेल्या, तिच्यात तू हौसेने परत उतरणार? तेही गोऱ्यांच्या पायाशी बसून?’ मला उत्तर देता आलं नाही. शिकू की नको? आणि बाबांना सांगू का? आजोबांचा एक ब्रश अजून घरी माळ्यावर आहे. तो मागावासा वाटतो.

— शिकागोतला एक वाचक

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशीर झाला, कारण पहिलं उत्तर लिहून मी फाडून टाकलं. ते फार सोपं झालं होतं. ‘कोणतंही काम हलकं नसतं, बिनधास्त शीक,’ असं काहीसं त्यात होतं. हे वाक्य मी स्वतःच्या बाबतीत सहज म्हणू शकते. तुला ते मी सांगणं बरोबर नाही, आणि का नाही ते आधी सांगते.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. गेली पंधरा वर्षं लेदर समुदायाच्या कार्यक्रमांत बूट करते. आम्ही ‘बूट करणं’च म्हणतो, नुसतं पॉलिश नाही. मी पुण्याच्या ब्राह्मण घरातली. वहाणांना हात लागला तर हात धुवायला लावणाऱ्या घरातली. पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘शी! लोकांचे बूट?’ मी त्या ‘शी’चं ओझं अर्ध्या तासात झटकून टाकलं. मला ते जमलं, कारण ते माझं नव्हतंच. ज्यांना पिढ्यान् पिढ्या हे काम करायला लावलं, त्यांच्याबद्दलचं ते होतं. तुझ्या मित्राच्या तोंडचा ‘घाण’ हा शब्द ऐकायला आईच्या शब्दासारखाच लागतो, पण तो जखमेतून आलेला आहे. म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा असं सांगितलं, तेव्हापासून जातीने लादलेलं काम नाकारणं हीच आपल्याकडच्या लाखो घरांत स्वाभिमानाची पहिली पायरी झाली. तुझ्या वडिलांनी पेटीला हात लावू दिला नाही, तेही त्याच रांगेतलं. त्यात त्यांची भीती असेल, पण त्याहून जास्त त्यांचा निर्धार आहे.

आणि अमेरिकेत हे काम जन्मजात स्वच्छ होतं असंही समजू नकोस. इथेही रस्त्यावर, स्टेशनात, हॉटेलांच्या दारात खाली बसून बूट चमकवणारे कोण असायचे? काळी मुलं, नुकती बोटीतून उतरलेली परदेशी पोरं, आणि वय झाल्यावरही दुसरं काम न मिळालेले काळे पुरुष. तुझ्या बारमधल्या कोपऱ्यामागे हाही इतिहास आहे. तिथे शिकायचं तर तो माहीत असलेला बरा.

तरी लेदर समुदायात हे काम आलं ते दुसऱ्या दाराने. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या तरुणांपैकी कित्येकांना घर, लग्न, चौकट नको होती. त्यांनी मोटरसायकल क्लब काढले. लॉस एंजेलिसचा ‘सॅटर्स’ १९५४ चा. तुझ्या शिकागोत चक रेन्स्लो आणि डॉम ओरेहुडोस यांनी १९५८ मध्ये ‘गोल्ड कोस्ट’ नावाचा बार लेदरवाल्यांसाठी चालवायला घेतला. देशातल्या अगदी पहिल्या लेदर बारांत त्याची गणती होते. बुटांची निगा बऱ्याच जणांना सैन्यातच शिकवलेली होती. बूट म्हणजे रस्त्यावरचं चिलखत, आणि ते नीट ठेवणं ही स्वतःची आणि सोबत्याची काळजी. पुढे १९७९ मध्ये शिकागोत ‘इंटरनॅशनल मिस्टर लेदर’ ही लेदरवाल्यांची स्पर्धा सुरू झाली. १९९३ पासून तिच्याच जोडीला बूटब्लॅकची, म्हणजे बूट करणाऱ्यांची, स्पर्धा भरू लागली, आणि १९९९ मध्ये ‘इंटरनॅशनल मिस बूटब्लॅक’ ही निराळी स्पर्धा आली. ‘मिस्टर लेदर’च्या वेळी, दरवर्षी मेअखेरच्या सुट्टीत, तुझ्या शहरातल्या हॉटेलात बूटब्लॅक स्पर्धक दिवसच्या दिवस खुर्चीपुढे बसून खरीखुरी कामं करतात. तू जाऊन बघ. रांगेत उभं राहून बघ, कारण गंमत रांगेतच असते: लोक आपापल्या बुटांच्या कहाण्या सांगत उभे असतात.

ओरेहुडोसचं नाव मुद्दाम घेतलं. तो शिकागोचा, फिलिपिनो वंशाचा, बॅलेत नाचणारा, आणि ‘एटिएन’ या नावाने चित्रं काढणारा. ‘गोऱ्यांच्या पायाशी’ म्हणणाऱ्या मित्राला हे सांगायला हरकत नाही, की ही परंपरा घडवणाऱ्यांत पहिल्यापासून एक आशियाई घराण्याचा माणूस होता. १९९१ मध्ये तो एड्सने गेला. त्याच वर्षी रेन्स्लो आणि टोनी डीब्लेस यांनी लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियम उभं केलं. त्या वर्षांत माणसं मरत होती, आणि घरचे लोक येऊन त्यांची जॅकेटं, बूट, फोटो कचऱ्यात टाकत होते. कोणीतरी ते उचलून जपणं गरजेचं होतं. हे संग्रहालय तुझ्या शहरात रॉजर्स पार्कमध्ये आहे. तू डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर पोहे, गोडा मसाला आणायला जात असशील. तिथून त्याच रस्त्याने सरळ पूर्वेला मैल-सव्वा मैल चालत गेलास की ग्रीनव्ह्यू रस्त्याच्या वळणावर लागतं. एखाद्या रविवारी पिशवी घेऊन तसाच जा. त्या भिंतींवर एटिएनची मोठी भित्तिचित्रं आहेत. (चित्रं उघडीवाघडी आहेत, हे सांगून ठेवते. पहिल्या खेपेला मीही गांगरले होते.)

आता खुर्चीबद्दल. तुला तिथे काय दिसलं ते तू एका वाक्यात लिहिलंस, ‘फार अदबीने बोलत होता’. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला तेच वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात सत्तरीचा एक गृहस्थ माझ्या खुर्चीत बसला. पायातले बूट त्याला एक नंबर मोठे होते. इंजिनिअर बूट, पोटरीपर्यंत आलेले, बकलांवर हिरवा गंज, घोट्यापाशी पांढरी बुरशी. मी विचारलं, किती दिवस घातले नव्हते? तो म्हणाला, हे माझे नाहीत. जोडीदाराचे होते. जोडीदार १९९२ मध्ये गेला होता. तेव्हापासून बूट खोक्यात होते. कातडं तडकेल या भीतीने याने ते कधी उघडलेच नव्हते. मी काम थांबवून विचारलं, त्याचा आजार सोडून बाकी सांगाल का त्याच्याबद्दल? तो चाळीस मिनिटं बोलला. मी ओल्या फडक्याने बुरशी टिपली, कोरडं होऊ दिलं, मग बोटांनी ग्रीस चोळत राहिले. बोटांच्या उबेने ग्रीस पातळ होतं आणि कातडं हळूहळू पिऊ लागतं. तो गेलेला माणूस कुठे पाय दुमडायचा, कुठल्या पायावर भार टाकायचा, ते सगळं त्या कातड्यात लिहिलेलं होतं. डावी टाच जास्त झिजलेली. मी तसं म्हटल्यावर म्हातारा रडायला लागला. जोडीदाराचा डावा गुडघा दुखायचा, म्हणाला.

त्या दिवशी मी कोणाची चाकरी करत नव्हते. तो माणूस माझ्या हातात जे देत होता ते तो बँकेच्या लॉकरलाही देणार नाही. खुर्चीत बसणाऱ्याला हे कळतं, म्हणून तो अदबीने बोलतो.

पण, आणि इथे मला तुला सावध करायचंय, सगळेच असे नसतात. लेदर समुदायात मालकी आणि शरणागती यांचे खेळ आहेत, दोघांच्या संमतीने चालणारे, आणि बूटब्लॅक म्हणजे आपोआप शरण जाणारा असं काही जण धरून चालतात. ते चूक आहे. काही बूटब्लॅकना तो भाग आवडतो, काहींना अजिबात नाही, मला नाही. कातड्याची जाण आणि गुडघ्यावर बसण्याची हौस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नसेल तर पहिली कमी पडत नाही. तुझ्या बाबतीत मी आणखी एक पाऊल पुढे जाऊन सांगते. तुझ्या घराण्याला जे भोगावं लागलं, ते कोणाच्या खेळाचं सामान नाही. कोणी ‘तुझ्या रक्तातच आहे’ असं कौतुकाने जरी म्हणालं तरी तिथल्या तिथे थांबव. डबी बंद कर, ब्रश खाली ठेव, ‘आजचं काम इथे संपलं’ म्हण. या प्रथेत बूटब्लॅकला नाही म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. खुर्चीत कोण बसणार हे तो ठरवतो. तुझ्या आजोबांना हा अधिकार नव्हता. समोर पाय ठेवणाऱ्याला ते परत पाठवू शकत नव्हते. फरक हाच आहे, आणि तो मोठा आहे. मित्राला सांगायचं असेल तर हेच सांग. पटेलच असं नाही.

शिकवणाऱ्यालाही तुझी पार्श्वभूमी आधीच सांग. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, कॉफी पिताना, साध्या शब्दांत: माझ्या देशात हे काम जन्मावरून लादलं जातं, माझ्या आजोबांवर लादलं होतं, म्हणून मी शिकताना मध्येच अडेन. तो काय उत्तर देतो त्यावरून गुरू कसा आहे ते कळेल. चांगला असेल तर गप्प बसून ऐकेल, आणि मग आजोबा कुठलं पॉलिश वापरायचे ते विचारेल.

बसायची जागाही तूच ठरव. खुर्ची उंच चौथऱ्यावर असेल तर तू स्टुलावर बसून, पाठ सरळ ठेवून काम करू शकतोस. बूट छातीच्या खाली येतो. बरेच जण असंच करतात, कारण गुडघे आणि कंबर दहा वर्षांत जाते. जमिनीवर बसायचं नाही असं तू ठरवलंस तर त्याचं कारण कोणाला द्यावं लागणार नाही. आणि खुर्चीतल्याच्या पायाला हात लावण्याआधी विचार. ‘पाय उचलू का? पोटरीला धरलं तर चालेल?’ आपल्याकडे पाय लागला की आपण नमस्कार करतो, तेव्हा पाय ही किती आतली गोष्ट आहे हे तुला नव्याने शिकवायला नको. इथे दुसऱ्याच्या लेदरला, विशेषतः डोक्यावरच्या टोपीला, विचारल्याशिवाय हात लावत नाहीत.

आता कामाचं सांगते. मनगट शिकलेलं असलं तरी डोळे शिकवावे लागतात.

पहिले सहा महिने स्वतःचे आणि मित्रांचेच बूट कर. शिकागोत असल्यामुळे पहिला धडा मिठाचा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ ओल्या बुटात शिरतं, आणि बूट वाळला की पांढऱ्या रेघा होऊन वर येतं. त्यावर पॉलिश मारलं तर मीठ आतच राहतं आणि कातडं सुकून तडकतं. साधं पाणी नाही गेलं तर निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर, फडकं नुसतं दमट; टिपायचं, घासायचं नाही. मग वर्तमानपत्राचे बोळे आत घालून सावलीत वाळू दे. हीटरजवळ ठेवलास तर तो बूट गेला असं समज.

दुसरं, कातडं ओळखायला शीक. हे खरं अवघड आहे आणि इथेच लोक घाई करतात. पोलिसी धाटणीचा, गुळगुळीत, काळाभोर बूट वॅक्स पॉलिशने आरशासारखा होतो. ओरेगॉनच्या वेस्कोसारखे कामकरी बूट पुष्कळदा तेल पाजलेल्या कातड्याचे असतात. त्यांना चमक नको असते, त्यांना खायला हवं असतं. त्यांच्यावर ह्यूबर्ड्ससारखं ग्रीस, पाइनचं डांबर आणि मधमाशीचं मेण असलेलं. त्याचा धुरकट वास एकदा नाकात बसला की जात नाही, आणि मला तो आता घरच्या वासासारखा वाटतो. काही उंच बुटांचा वरचा भाग कातड्याचा नसतोच, कृत्रिम असतो. त्यावर तेल टाकलंस तर नुसता चिकटपणा राहील. म्हणून बूट हातात आला की आधी विचार: कुठले आहेत, शेवटचं काय लावलं होतं, तुम्हाला ते कसे दिसायला हवेत? तिसरा प्रश्न विसरू नकोस. काहींना ओरखडे राहू द्यायचे असतात, त्या ओरखड्यांना तारखा असतात.

मग क्रम: नाड्या काढायच्या, जीभ बाहेर, धूळ घोड्याच्या केसांच्या ब्रशने, वरचं कातडं आणि तळ जिथे शिवलेले असतात त्या खाचेतली माती दातघासणीने. सॅडल सोपचा, म्हणजे कातडं धुवायच्या साबणाचा, फेस हातावर करायचा, बुटावर पाणी ओतायचं नाही. वाळू दे. कातडं मऊ ठेवणारं कंडिशनर बेताने, फार पाजलं की कातडं लोळागोळा होतं. मग पॉलिशचा पातळ हात, थोडं थांबून ब्रश. आणि पुढच्या टोकाला आरसा हवा असेल तर सुती फडकं दोन बोटांभोवती घट्ट गुंडाळ, किंचित पॉलिश, थंड पाण्याचा एक थेंब, छोटी छोटी वर्तुळं. मेण कातड्याच्या बारीक छिद्रांत बसतं आणि पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश सरळ परत येतो; पाण्यामुळे फडकं मेणाला ओढून काढत नाही. दहा-पंधरा थर लागतात. हे फक्त टोकाला आणि टाचेमागच्या कडक भागाला कर. जिथे पाय दुमडतो तिथे केलंस तर पहिल्याच पावलाला भेगा पडतील. पॉलिशमधली द्रावणं पेट घेतात, तेव्हा शेजारी कोणी सिगारेट ओढत असेल तर उठव. खिडकी उघडी ठेव, नायट्राइलचे हातमोजे घाल.

पैशांचं थोडं बोलू. इथे बूटब्लॅक बहुधा टिपवर काम करतो. तुझ्या आजोबांनी फुकट बूट कधी केला नाही, तेव्हा तूही फुकट कामाला नम्रता समजू नकोस. फक्त तू व्हिसाबद्दल काही लिहिलेलं नाहीस. एच-१बीवर असशील तर मालकाशिवाय दुसरीकडे कमाई करायची परवानगी नसते, आणि टिपही कमाईच. त्यामुळे कोणाच्या खुर्चीवर जाऊन बसण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचार. तोपर्यंत ओळखीच्यांचे बूट घरी कर, आणि कोणाला काही द्यावंसं वाटलंच तर त्याने ते थेट एखाद्या संस्थेला द्यावं. पण द्यावं. या कामाला मोल आहे हे समोरच्याच्या मनात राहिलं पाहिजे.

शेवटी बाबा.

तू दोन गोष्टी एकत्र गुंडाळल्या आहेस: आपण गे आहोत हे त्यांच्याशी बोलणं, आणि ब्रश मागणं. त्या सोडव. लेदर बार, खुर्ची, तिथले खेळ यातलं काही त्यांना सांगायला तू बांधील नाहीस. आपण कोणीच आपल्या वडिलांना रात्री कुठे जातो ते सांगत नाही. पण चोरून शिकलास, आणि कधीतरी कोणीतरी फोटो पाठवला, तर त्यांना वाटेल की आपण आयुष्यभर जे टाळलं ते पोराने आपल्याला न विचारता पुन्हा घरात आणलं. म्हणून एवढंच सांग, की इथे एका माणसाकडे बूट आणि कातड्याची निगा शिकतोय, आणि आजोबांची आठवण येते. ते चिडतील. कदाचित फोन आईकडे देतील. तसं झालं तर महिनाभर विषय काढू नकोस. त्यांना समजावायला जाऊ नकोस; कामाच्या प्रतिष्ठेवरचं व्याख्यान तर मुळीच नको, कारण प्रतिष्ठा म्हणजे काय ते त्यांना रात्रशाळेच्या वाटेवर कळलेलं आहे. आणि शेवटपर्यंत त्यांनी नाही म्हटलं, तर ब्रश माळ्यावर राहू दे. शिकायला तुला त्यांची परवानगी नको. ब्रशाला हवी, तो त्यांच्या बापाचा आहे.

पण मला एक दार दिसतंय. तुला त्या माणसाकडे प्रश्न नेता येतात, तसेच बाबांकडेही नेता येतील. त्यांनी लहानपणी शेकडो बूट केलेत. पावसाळ्यात भिजलेला बूट दादरला कसा वाळवायचे? गर्दीच्या वेळी एक जोड किती मिनिटांत व्हायचा? पेटीवर ब्रश आपटून गिऱ्हाईक बोलवायचा ठेका कसा होता? हे जगात आता फार थोड्यांना माहीत आहे, आणि त्यातला एक कल्याणला बसलाय. त्याला कोणीच कधी विचारलेलं नाही, कारण घरात तो विषयच बंद होता. जसा तुझाही बंद आहे.

ब्रश आला, तर लगेच वापरू नकोस. वीस वर्षं माळ्यावर पडलेले केस ठिसूळ झालेले असतील. कोमट पाण्यात चिमूटभर साबण घालून नुसतेच केस बुडव, लाकूड भिजू देऊ नकोस. बोटांनी जुनं पॉलिश सुटेल तेवढं सोडव, झटक, आणि केस खालच्या बाजूला करून दोन दिवस वाळत ठेव. उलटा ठेवलास तर पाणी लाकडात उतरून केस सुटतील. आणि पाण्यात घालायच्या आधी बाबांना विचारून घे, की तो काळ्याचा होता की तांबड्याचा. पॉलिशवाल्याचे ते ब्रश वेगवेगळे असतात, आणि एकदा रंग मिसळला की मग निघत नाही.

तुझी,
ताई